आधी डाग बघा

डॉ. बाळाराम म्हात्रे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नसत. त्या दिवशी विद्यार्थ्याने शर्ट काढून तपासणीच्या खाटेवर डाव्या कुशीला वळून पडायचं असे. सर त्याच्या छातीवर थंड जेली लावत, गरजेपेक्षा थोडी जास्तच, आणि बरगड्यांमधल्या फटीत यंत्राची कांडी दाबून धरत. खाटेवरचा माणूस एम.डी. झालेला असे, वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर त्याला वचकून असत. तो शहारला की सर विचारत, “कसं वाटतंय?”

“ठीक आहे, सर.”

“ठीक कुठलं? थंड लागतंय, बरगडी दुखतेय आणि मी काय शोधतोय ते तुला कळत नाहीये. पेशंटला एवढंच कळत असतं. ऊठ आता, घरी जा.”

पहिल्या दिवसाचा पाठ तिथे संपत असे. विद्यार्थिनी असेल तर हेच काम पडद्याआड सिस्टर करत. सूट कुणालाच नव्हती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली, आणीबाणीच्या आगेमागेची. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात तेव्हा हृदयाच्या सोनोग्राफीचं यंत्र नुकतंच आलं होतं. आज त्या तपासणीला सगळे इको म्हणतात आणि पडद्यावर हलतं हृदय दिसतं. तेव्हा हृदय दिसत नसे. छातीवर ठेवलेल्या कांडीतून आवाजाची एक बारीक लहर आत जाई, वाटेत जे जे लागेल त्याच्यावर आपटून परत येई आणि कागदाच्या लांब पट्टीवर वरखाली जाणाऱ्या रेघा उमटत. त्यातली कुठली रेघ हृदयाच्या भिंतीची, कुठली झडपेच्या पाकळीची, हे ओळखता येणारी माणसं मुंबईत फार थोडी होती. म्हात्रे सर परदेशात राहून ते शिकून आले होते आणि पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरांना, जोडीला एखाद्या परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला, चार-पाच जणांची तुकडी करून शिकवत होते. विद्यापीठाने या वर्गाला अजून मान्यता दिली नव्हती. तरी जागा रिकामी राहत नसे.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी एका मराठी दैनिकात उपसंपादकाची होती. माझी पत्नी नलिनी एम.डी. झाल्यावर सरांच्या एका तुकडीत होती आणि पुढे त्यांच्याच हाताखाली लागली. आम्ही भाईंदर पश्चिमेला मोरवा गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो. खोल्या म्हात्रे कुटुंबाच्याच होत्या, सरांचं घर अंगणापलीकडे. त्यामुळे सरांविषयी मला जे माहीत आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे आणि काही नलिनीकडून ऐकलेलं. ऐकलेलं तिथे तसं सांगतो.

सर मोरव्याचे. मिठागरं आणि भातशेती असलेल्या घरातले, गावातले पहिले डॉक्टर. ठेंगणे, रुंद हाडाचे, हाताचे तळवे एखाद्या नाखव्याचे असावेत तसे. रुग्णालयातली मंडळी त्यांना मुंबईत राहायला या म्हणून सांगत. रुग्णालयाची जागा मिळत होती, त्यांनी घेतली नाही. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असे. वास येतो म्हणून कुणी नाक मुरडलं की ते डबा त्याच्यापुढे सरकवत आणि तो खाईपर्यंत तसाच धरून ठेवत. वर्गात त्यांची भाषा शहरी मराठी, मध्ये इंग्रजी. मिठाच्या व्यापाऱ्यांशी गुजराती, रुग्णांशी बहुतेक हिंदी. अंगणात पाय ठेवला की आगरी. एकाच दिवसात ते या सगळ्या भाषांत रागावलेले मी ऐकले आहेत.

एक शब्द त्यांच्या वर्गात बंद होता: नॉर्मल. कुणी पट्टी बघून “नॉर्मल आहे, सर” म्हणालं की ते विचारत, “म्हणजे काय काय दिसलं?” आणि विद्यार्थ्याला दिसलेली प्रत्येक रेघ तोंडाने सांगावी लागे. शेवटी सगळं ठीक निघालं तर सर म्हणत, “बरं.” त्यांच्या कौतुकाची मजल याच्या पुढे जात नसे.

प्रत्येक तुकडीला एका रविवारी मोरव्याला यावं लागे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. खाडीच्या बाजूने शेतांना मातीचा बांध घातलेला असतो आणि बांधात एका जागी उघाडी बसवलेली असते. उघाडी म्हणजे वरच्या कडेला टांगलेली जाड लाकडी झडप. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला बाहेर ढकलून निघून जातं. भरती आली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. सर विद्यार्थ्यांना बांधावर बसवत, प्रत्येकाच्या हातात चौकटीचा कागद देत आणि सांगत, नजर झडपेच्या एकाच टोकावर ठेवायची. वेळ आडवी मोजायची, झडप चौकटीपासून किती दूर गेली ते उभं मोजायचं, आणि पाणी पालटेपर्यंत रेघ काढत राहायचं. यंत्र हेच करतं, फक्त एका सेकंदात करतं.

नलिनीच्या तुकडीत डॉ. पारेख नावाचा तरुण होता. हुशार, नीटनेटका, घाटकोपरच्या गुजराती घरातला. त्याचा कागद सगळ्यांत देखणा झाला होता. रेघ चढली, थांबली, उतरली आणि शून्यावर येऊन टेकली. सरांनी तो बराच वेळ बघितला.

“पारेख, झडप बंद झाली?”

“हो, सर.”

“पूर्ण?”

पारेखने झडपेकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात नारळाचं सोडण अडकलं होतं आणि फटीतून पाण्याची बारीक धार शेतात येत होती. “ऑलमोस्ट, सर.”

“तुझ्या कागदावर तर पूर्ण झालीय.”

“बुकमध्ये व्हॉल्व्ह बंद झाला की लाइन खाली येते ना, सर. मी तसंच काढलं.”

“बुक मोरव्याला कधी आलं होतं?”

बाकीचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरले आणि हात घालून सोडण ओढून काढलं. बांधावर त्यांच्या वहिनी उभ्या होत्या. त्या विद्यार्थ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “डाक्टर झाला तरी याचा चिखल काय सुटला न्हाय.” या वेळी सरही हसले.

जेवायला सगळे अंगणात बसले. वहिनींनी मासळीचं कालवण केलं होतं. पारेखच्या ताटात त्यांनी वांग्याचं भरीत वाढलं. तो मासे खात नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आडनाव ऐकून त्यांनी ते चुलीवर आधीच भाजायला घातलं होतं.

यंत्रावर बरीच बटणं होती. त्यातल्या एकाला सगळे गेन म्हणत. ते वाढवलं की परत येणारे क्षीण आवाजही कागदावर उमटत आणि पट्टीवर काळे ठिपके, धुरकट पट्टे दिसू लागत. कमी केलं की ते सगळं नाहीसं होई आणि रेघा पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ दिसत. नव्या माणसाचा हात आपोआप गेन कमी करण्याकडे जाई. स्वच्छ पट्टी वरिष्ठांना दाखवायला बरी वाटते. सर मागून येऊन बटण पुन्हा वर फिरवत. “आधी डाग बघा,” ते म्हणत, “कुठले खोटे ते ठरवा आणि मग पुसा. न बघता पुसायला आपण काय फरशी पुसतोय?” तपासणी संपवण्याआधी एकदा गेन वाढवून सगळं परत बघायचं, हा त्यांचा कायदा होता. रांगेत कितीही रुग्ण असले तरी.

त्यांची शेवटची परीक्षा कशी असे ते नलिनीने सांगितलं. खाटेवर एक म्हातारा असे, उमर बिडी ओढण्यात गेलेला, छाती पिंपासारखी फुगलेली. अशा माणसाची फुफ्फुसं हृदयाला झाकून टाकतात आणि त्या यंत्राची लहर हवेतून पार जात नाही. प्रत्येकाने त्याची तपासणी करून अहवाल लिहायचा. नलिनी त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. तिच्या आधीच्या दोघांनी झडपेची, भिंतीची सगळी मापं भरून दिली होती. तिला रेघ म्हणावी असं काही सापडलंच नव्हतं. तिने कागदावर लिहिलं होतं, “हृदय दिसलं नाही,” आणि सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी मापं लिहिणाऱ्या दोघांना आणखी काही महिने थांबायला सांगितलं. नलिनीला ते “बरं” म्हणाले. तो म्हातारा घोडबंदरचा निवृत्त बसचालक होता, सरांचा जुना रुग्ण. दर परीक्षेला तो हौसेने येई आणि जाताना विचारी, “आज कितीजणांना दिसलो मी, डाक्टर?”

सरांचा कानही तसाच तयार होता. यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून स्टेथोस्कोपची नळी लावून झडपेचा आजार सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्यांचे समवयस्क सांगत. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. नळी कशी लावायची याचेही त्यांचे नियम होते. कपड्यावरून कधी ऐकायचं नाही. रुग्णाला बसवून ऐकायचं, आडवं करून ऐकायचं, डाव्या कुशीला वळवून ऐकायचं. एका स्थितीत ऐकून मत देणाऱ्याला ते सगळ्यांसमोर परत पाठवत.

चांगुणावहिनी म्हणजे सरांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. सरांची आई ते लहान असतानाच गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी लग्न होऊन घरात आल्या. दीर आणि भावजय यांच्या वयात दहा-बारा वर्षांचं अंतर असेल. मिठाच्या हंगामात घरातल्या प्रत्येकाला आगरावर राबावं लागे आणि परीक्षा नेमक्या तेव्हाच येत. बाळारामाच्या वाट्याच्या पाट्या वहिनींनी वाहिल्या, आपल्या वाट्याच्या वाहून झाल्यावर. हे मला सरांनी सांगितलं नाही, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलं. थोरला भाऊ पुढे अकाली वारला. वहिनींना मूल नव्हतं. सरांनीही लग्न केलं नव्हतं. घरात ही दोघंच.

नलिनी सरांच्या हाताखाली कामाला लागली त्याच सुमारास वहिनींना धाप लागू लागली. मासळी वाळत घालताना वाकून उठल्या की घेरी येई. एकदा नलिनीच्या डोळ्यांदेखत त्या अंगणात खाली बसल्या आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा उठल्या. विचारलं तर म्हणाल्या, “मना काय बी झाला न्हाय. ऊन लागला.”

सरांनी त्यांना तपासलं. कसं तपासलं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्या घरात थोरल्या भावाची बायको दिरासमोर आडवी होत नसे. पदर डोक्यावरून ढळू देत नसे. भावाच्या मागे तर हा रिवाज आणखी कडक झाला होता, आणि तो पाळत होते सर. वहिनी पाटावर बसल्या, सरांनी मान दुसरीकडे वळवली आणि लुगड्यावरून, चोळीवरून नळी लावली. एका जागी, एका स्थितीत. त्यांना जो आवाज ऐकू आला तो त्यांच्या ओळखीचा होता. हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली झडप अरुंद झाली की तसा आवाज येतो. कोकणपट्टीतल्या शेकडो बायकांत त्यांनी तो ऐकला होता.

निदान झालं. छातीचा एक्स-रे आणि कार्डिओग्राम त्याच्याशी जुळत होते. सरांच्या मित्राने, जो त्याच रुग्णालयात शल्यविशारद होता, त्यांच्या शब्दावर शस्त्रक्रियेची तारीख दिली. तेव्हा अशी झडप उघडायची एक रुळलेली पद्धत होती. हृदय चालूच ठेवायचं, डाव्या कप्प्याला लहान भोक पाडायचं, त्यातून बोट आत घालायचं आणि न बघता, स्पर्शानेच झडपेच्या चिकटलेल्या कडा मोकळ्या करायच्या. हजारो माणसं त्यामुळे बरी झाली होती.

मित्राने एवढंच म्हटलं की, आता आपल्याकडे यंत्र आलंय तर एक पट्टी फाइलला लावून टाकू. सरांनी नलिनीला सांगितलं, उद्या वहिनीला घेऊन येतोय, तू कर. मी बाहेर थांबतो. काय सापडेल हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण विभागातल्या सगळ्यांनाच ते माहीत होतं.

त्या दिवशीची हकिगत नलिनीने मला एकदा नव्हे, अनेकदा सांगितली आहे. तपशील कधी बदलले नाहीत.

वहिनी तिच्यासमोर निमूट आडव्या झाल्या, वर म्हणाल्या, तुझे हात गरम हायेत, बाय. नलिनीने कांडी टेकवली आणि झडप सापडली. पाकळीची रेघ जिथे झपकन खाली यायला हवी तिथे सपाट चालली होती. पुस्तकात अरुंद झडपेची रेघ असते तशी. सर म्हणाले होते तशी. गेन कमी होतं, पट्टी स्वच्छ होती. तिने ती फाडून घेतली. काम झालं होतं. मग तिने कायद्याप्रमाणे गेन वाढवलं.

सपाट रेघेच्या मागे काळे डाग उमटले. थरावर थर, ढग साठावेत तसे. तिने बटण कमी केलं, डाग गेले. वाढवलं, डाग आले. कांडी किंचित सरकवली, तरी ते तिथेच. यंत्राची घाण असती तर ती पट्टीभर पसरली असती. हे डाग फक्त पाकळी उघडल्यावर, क्षणभर उशिराने येत होते आणि पाकळी बंद होताना निघून जात होते. प्रत्येक ठोक्याला. झडपेच्या मागे काहीतरी मऊ लोंबत होतं आणि झडप उघडली की तिच्यात येऊन अडकत होतं.

तिला त्याचा अर्थ माहीत होता. असे रुग्ण तिने पुस्तकातच वाचले होते. कप्प्याच्या आत देठाने चिकटलेली, जेलीसारखी ठिसूळ गाठ. ती झडपेत अडकली की नळीतून अरुंद झडपेसारखाच आवाज येतो. आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाचं बोट नेमकं तिच्यावरच गेलं असतं. गाठ फुटली असती आणि तिचे तुकडे रक्ताबरोबर मेंदूत गेले असते.

ती पट्टी घेऊन बाहेर आली. सर खिडकीपाशी उभे होते.

“झडप अरुंद वाटत नाही, सर. मागे काहीतरी आहे.”

सरांनी पट्टीवर नजर टाकली. “गेन वाढवलंस म्हणून डाग आलेत.”

“खोटे असते तर सगळीकडे आले असते. हे झडप उघडल्यावरच येतात.”

“मी ऐकलंय तिला, नलिनी.”

नलिनी सांगते की, त्या वेळी तिला वाटलं होतं, पट्टी घडी करून खिशात ठेवावी आणि गप्प बसावं. समोर तिचे गुरू होते आणि आत त्यांना वाढवणारी बाई. आपण चुकलो असू तर मिळालेली तारीख वाया जाणार होती. आपण बरोबर असू आणि बोललो नाही तर त्या बाईचं काय होणार हेही तिला कळत होतं. तिने सरांनीच शिकवलेला प्रश्न विचारला.

“आडवं करून ऐकलंय का, सर?”

त्यांनी पट्टी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, “नाही.”

दोघं आत गेले. वहिनी उठून बसल्या होत्या, पदर सारखा करत होत्या. सर खाटेच्या पायथ्याशी थांबले. नलिनीने त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“वयनी, जरा आडवी हो. मना ऐकायचा हाय.”

“आयक की. मी कवा नको बोलली?” त्या आडव्या होत म्हणाल्या. “लाज तुना वाटं रं. मना कनची लाज? तुना आंगोल मीच घालायची.”

सरांनी नळीचं टोक तळहातावर धरून गरम केलं आणि पहिल्यांदा वहिनींच्या छातीवर कपड्याशिवाय ठेवलं. आडवं असताना ऐकलं. डाव्या कुशीला वळवून ऐकलं, जिथे अरुंद झडपेचा आवाज सगळ्यांत मोठा यायला हवा. तिथे आवाज जवळजवळ नव्हता. त्यांनी वहिनींना बसवलं. आवाज परत आला. त्यांनी नळी कानांतून काढली, पदर स्वतःच्या हाताने वहिनींच्या खांद्यावर ओढला आणि नलिनीला म्हणाले, “बरं.”

मग त्यांनी तिच्यासमोरच मित्राला फोन केला. वाक्यं दोनच होती. तारीख रद्द कर. मी चुकलो.

शस्त्रक्रिया पुढे झाली ती दुसऱ्या पद्धतीने, हृदयाचं काम तेवढ्यापुरतं दुसऱ्या यंत्रावर घेऊन, कप्पा उघडून, डोळ्यांनी बघून. तेव्हा मुंबईत अशा शस्त्रक्रिया होत होत्या, पण त्यांची खात्री आजच्याइतकी कुणी देत नसे. गाठ अखंड निघाली. वहिनी वाचल्या.

पुढच्या तुकडीपासून सरांनी पहिल्या आठवड्याच्या पाठात एक भर घातली. ते दोन पट्ट्या भिंतीवर लावत: गेन कमी असतानाची स्वच्छ पट्टी आणि गेन वाढवल्यावरची डागाळलेली. विद्यार्थ्यांना फरक सांगायला लावत. मग स्वतः सांगत की, रुग्ण माझी वहिनी आहे, निदान मी केलं होतं, कपड्यावरून आणि एकाच स्थितीत ऐकून केलं होतं, आणि ते चूक होतं. विभागातल्या कुणीतरी सुचवलं की, नातं सांगायची काय गरज आहे, एक स्त्री रुग्ण म्हणा. सर म्हणाले, “मग मी कपड्यावरून का ऐकलं ते कसं कळणार यांना? तुमच्याही घरी वहिन्या आहेतच ना?” नलिनीचं नाव ते दर वेळी घेत. ती खोलीत असली तर तिला उभं राहावं लागे. तिला त्याचा संकोच वाटे.

त्यांच्या हाताखालून गेलेले डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ आज ठिकठिकाणी आहेत. पारेखने पुढे स्वतः कितीतरी जणांना शिकवलं. बेव्हर्ली पार्कसारख्या वस्त्या मीरा रोडला उभ्या राहिल्या, मिठागरं मागे हटली, आणि ज्या तपासणीसाठी तेव्हा मुंबई गाठावी लागे ती भाईंदरमध्येच होऊ लागली. नलिनीने आयुष्यभर जे काम केलं ते सरांनी तिच्या हातात ठेवलं. शिकवणारे पुष्कळ असतात. आपलीच चूक दाखवायची परवानगी विद्यार्थ्याला देणारा आणि ती दाखवल्यावर त्याच क्षणी मान्य करणारा माणूस तिला पहिल्या नोकरीतच भेटला. आमच्या घरावर त्यांचं हे ऋण आहे. ते त्यांना कधी सांगितलं असतं तर “म्हणजे काय काय?” असं त्यांनी विचारलं असतं.

माझी बदली नागपूर आवृत्तीला झाली तेव्हा आम्ही मोरवा सोडला. निघायच्या थोडं आधी मी नलिनीला आणायला रुग्णालयात गेलो होतो. विभागाच्या दाराबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक लांब बाक होता. त्यावर दाटीवाटीने माणसं बसली होती. मधोमध म्हात्रे सर होते. अंगावर पांढरा कोट नव्हता. मांडीवर वहिनींची कापडी पिशवी होती, पायाशी वहिनींच्याच चपला.

आत वहिनींची शस्त्रक्रियेनंतरची तपासणी चालू होती. वॉर्डबॉय दोनदा येऊन, साहेब, आत चला ना, म्हणून गेला. सर त्याला म्हणाले, आज मी पेशंटबरोबर आलोय. शेजारच्या माणसाने हिंदीत विचारलं, आपका कौन है अंदर. सर म्हणाले, “माँ समझो.”

दार उघडलं. नलिनी बाहेर आली, हातात पट्टी होती. सरांनी पट्टीसाठी हात पुढे केला नाही. ते पिशवी सांभाळत उठून उभे राहिले आणि बाकावरचा कुणीही विचारतो तसं त्यांनी विचारलं, “मग घरी नेऊ ना?”

“न्या, सर,” नलिनी म्हणाली.

तिच्या मागून वहिनी आल्या. सरांनी खाली वाकून चपला त्यांच्या पायांसमोर सरळ ठेवल्या, आणि त्या घालून होईपर्यंत तसेच वाकून राहिले.